पोर्क बेली, मंद आचेवर

१ मार्च, रविवार

बायकोची निवड झाली. दुसऱ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल. तिथे फिजिओथेरपीचा अख्खा विभाग हिने उभा करायचा, वर्षभर तिथेच राहायचं. पंचवीस तारखेला निघणार. मला फार आनंद झाला. वर्ष म्हणजे काय, बघता बघता जातं.

आनंदाप्रीत्यर्थ चिनी हॉटेलात जेवायला. आम्ही दोघं, लेक, सासरे, आणि बायकोच्या सध्याच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई. हिचं नाव त्यांनीच पुढे केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही.

मातीच्या भांड्यातून पोर्क बेली आली. डुकराच्या पोटाकडचं मांस. एक पदर चरबीचा, एक मांसाचा, वर कातडी. तांबडे, चकचकीत, चौकोनी तुकडे. बायकोने एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या सहवासात तिने डोळे मिटल्याचं एकदाच आठवतं. तेव्हा मी गाडी चालवत होतो.

मी म्हटलं, यात काय आहे, हे घरी सहज होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीच म्हटलं, तू जायच्या आधी मी करून घालीन, सगळ्यांनी बावीसच्या रविवारी घरी यायचं. लेक म्हणाली, बाबा, तुम्हाला कुकरची शिट्टी लावता येत नाही. (शिट्टी लावावी लागते हे कुकर बनवणाऱ्याचं अपयश आहे.) शिवाय ती महिनाभरापूर्वी शाकाहारी झाली आहे, तेव्हा तिच्या मताला या विषयात किंमत नाही. सासऱ्यांना डॉक्टरांनी चरबी बंद केली आहे. ते ताबडतोब म्हणाले, मी येणार.

निश्चय : कुणाची मदत घ्यायची नाही.

३ मार्च, मंगळवार

व्हिडिओ पाहिले. रीत सोपी आहे. मांस उकळून धुवायचं, तेलात साखर वितळवून तांबडी करायची, त्यात मांस परतायचं, सोया सॉस, आलं, चक्रीफूल, पाणी, झाकण. एक बाई म्हणते साखर आधी, दुसरी म्हणते मांस आधी. एक म्हातारे गृहस्थ काहीच म्हणत नाहीत, नुसतं ढवळतात. तिघांचंही ऐकायचं नाही असं ठरवलं. स्वतःची पद्धत हवी.

बायकोने विचारलं, मोठी बॅग घ्यावी की दोन लहान. म्हटलं, तू ठरव. मी तेव्हा चक्रीफुलाबद्दल वाचत होतो.

५ मार्च, गुरुवार

आमची कंपनी वजनकाटे बनवते. मी तपासणी विभागात. काटा बरोबर दाखवतो की नाही हे ठरवणारा माणूस म्हणजे मी. माझ्या सहीशिवाय एकही काटा दाराबाहेर पडत नाही. जो दिवसभर दुसऱ्यांची वजनं तपासतो त्याला स्वयंपाकघरात मोजून घालायची गरज नसते, हात बसलेला असतो. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, हो, दिसतं ते.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्याच्याकडे विषय काढला. म्हणाला, चिनी स्वयंपाकातलं मला विचार, मी दोन वर्षं चिनी हॉटेलात काढली आहेत. डबा खायच्या सुट्टीत वहीपेन घेऊन बसलो. खडीसाखरच घ्यायची, आच मंदच ठेवायची, झाकण उघडायचं नाही. सगळं लिहून घेतलं. शेवटी विचारलं, तू तिथे आचारी होतास का? तर म्हणाला, नाही, त्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, खिडकीतून वास यायचा.

वहीचं पान फाडलं.

७ मार्च, शनिवार

खाटकाकडे गेलो. दोन किलो पोर्क बेली मागितली. त्याने विचारलं, कातडीसकट की काढून? प्रश्न अनपेक्षित होता. माझ्यामागे रांग होती. म्हटलं, तुम्ही घरी कशी करता? म्हणाला, आमच्याकडे कुणी खात नाही, बायकोला वास सहन होत नाही, मी माशावर आहे. मग मी ठामपणे म्हटलं, काढून द्या, स्वच्छ दिसेल.

घरी आल्यावर कळलं की कातडी हाच या पदार्थाचा प्राण आहे. परत गेलो. माझी कातडी तोवर दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याला गेली होती.

हरकत नाही. उद्या फक्त तालीम आहे.

८ मार्च, रविवार. सकाळी १०

उत्साह दांडगा. बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ती म्हणाली, निदान मसाल्याचं कपाट कुठलं ते तरी बघून घे. हसून दार लावलं.

१०.४०

तेलात साखर घातली. वितळेना. आच वाढवली. वितळेना. आणखी वाढवली. आलं किसायला पाठ फिरवली.

११.०५

धुराचा भोंगा वाजला. हा आमच्या छताला बसवलेला आहे हे मला आजच समजलं. बंद कसा करायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कर्नल बनियनवर वर आले, पाठोपाठ त्यांची पत्नी, हातात पाण्याची बादली. बायको स्टुलावर चढून भोंग्याला टॉवेलने वारा घालत होती. कर्नलनी विचारलं, काय जळतंय? मी म्हटलं, साखर. ते म्हणाले, एवढी?

दुपारी

मांसाला रंग आला आहे, पण तांबडा म्हणता येणार नाही. डांबरी रस्ता म्हणता येईल. चवीला कडू. बायकोने एक घास खाल्ला, पाणी प्यायली आणि न बोलता सगळ्या खिडक्या उघडल्या. ती काही बोलली असती तर उत्तर तयार होतं.

निष्कर्ष : आमची शेगडी जास्त तापते. दोष शेगडीचा.

११ मार्च, बुधवार

शेगडीपेक्षा कढईचा दोष जास्त आहे. कढई पातळ. आज ऑफिसातून येताना जाड बुडाचं झाकणाचं बिडाचं भांडं आणलं. दोन्ही हातांनी उचलावं लागतं. ठेवायला जागा नव्हती म्हणून बायकोने भरायला काढलेले गरम कपडे खुर्चीवर ठेवले आणि त्या जागी भांडं ठेवलं. ती म्हणाली, मी जायच्या आधीच माझी जागा दिलीस का? मी म्हटलं, छे, हे तात्पुरतं आहे.

तिला नक्की काय म्हणायचं होतं यावर विचार केला. मग भांड्याला तेल लावलं.

१४ मार्च, शनिवार

दुसरी तालीम. कातडीसकट दोन किलो. खाटकाने आज काही विचारलं नाही, मी दिसल्याबरोबर कातडीसकट म्हणाला. ओळख वाढते आहे.

साखर या वेळी जळली नाही. जरा पांढरीच राहिली, पण जळली नाही. रंगासाठी सोया सॉस घातला. सोया सॉस दोन प्रकारचा असतो, फिका आणि गडद. फिका चवीसाठी, गडद रंगासाठी, आणि दोन्ही खारट. हे बाटलीवर बारीक अक्षरांत होतं आणि चष्मा बाहेरच्या खोलीत. रंग आला की थांबायचं असं ठरवून ओतत गेलो. रंग उत्तम आला. बाटली संपली.

संध्याकाळी एका व्हिडिओत पाहिलं, शिजलेलं मांस रात्रभर वजनाखाली दाबून ठेवलं तर तुकडे दुकानासारखे सरळ कापले जातात. घरात जड वस्तू शोधली. शब्दकोश हलके. बायको म्हणाली, भांडं ठेव. भांड्यात मांस होतं.

मग आठवलं. माझ्या बॅगेत ऑफिसचं पाच किलोचं पितळी वजन आहे. सोमवारी सकाळी परस्पर बाहेरच्या गोदामातल्या काट्यांवर घेऊन जायचं म्हणून शुक्रवारी सही करून आणलेलं. हे प्रमाण वजन. बाकी सगळी वजनं याच्याशी ताडून पाहतात. त्याला उघड्या हाताने शिवायचं नाही असा नियम आहे, कारण बोटांचा घाम लागून त्याचं वजन बदलतं. मी हातमोजे घातले. त्यामुळे नियमभंग झाला असं कुणालाही म्हणता येणार नाही. खाली प्लास्टिकचा कागदही घातला.

१५ मार्च, रविवार

रात्रीतून कागद फाटला. मांस मात्र सपाट झालं. फारच सपाट. लेक म्हणाली, बाथरूममधली एक फरशी सैल झाली आहे, तिथे बसेल.

सासरे चव बघायला आले. हे त्यांच्या डॉक्टरांना माहीत नाही. दोन तुकडे खाल्ले, डोळे मोठे केले, मग दुपारभर पाणी पीत बसले. निघताना म्हणाले, जावईबापू, चव आहे हो. आता ‘चव आहे’ याचा अर्थ एकच होतो. बायको म्हणते दोन होतात.

मीठ कमी केलं की झालं. मी जवळपास पोचलो आहे.

वजन पुसून ठेवलं. चकाकतं आहे. आधीपेक्षाही जास्त.

१७ मार्च, मंगळवार

ऑफिसात काल-आज चमत्कारिक प्रकार. गोदामातले सगळे काटे जास्त दाखवायला लागले. मी सगळ्यांवर ‘नापास’चा शेरा मारला. गोदामवाले भडकले. आज ते काटे आमच्याकडे परत आले, तर कपाटातल्या दुसऱ्या वजनांवर अगदी बरोबर. मग कुणीतरी म्हणालं की काट्यांऐवजी वजनच तपासू या. वजन भरलं जास्त.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. वजन टेबलावर होतं. साहेबांनी ते रुमालात धरून नाकाशी नेलं. बराच वेळ वास घेतला. म्हणाले, चक्रीफूल?

मी म्हटलं, हो सर. म्हणाले, आणि आलं. म्हटलं, हो सर.

वजनाच्या मुठीच्या खाचेत सॉस वाळून बसला होता. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो मिळाला. ‘प्रमाण वजनाचा स्वयंपाकासाठी वापर’ असं त्यात चक्क लिहिलं आहे. टाइप करणाऱ्या मुलीने दोनदा विचारलं म्हणे, शब्द बरोबर आहे ना. साहेबांचं नाक मात्र मानलं पाहिजे. त्यांना रविवारी जेवायला बोलवावं असं मनात आलं, पण हातात मेमो होता.

सर्वज्ञ म्हणाला, दाबायला विटा वापरायच्या, त्या हॉटेलात विटा होत्या. विचारलं, तू पाहिल्यास? म्हणाला, नाही, आवाज यायचा.

घरी मेमोबद्दल सांगितलं नाही. तिला जायच्या वेळी कशाला ताण.

१९ मार्च, गुरुवार

सर्वज्ञाच्या बायकोकडून हिला मेमोचं कळलं. मला वाटलं, रागावेल. ती पलंगावर बसली, उघड्या बॅगेशेजारी, आणि हसत सुटली. हसता हसता थांबली. म्हणाली, हे सगळं कशासाठी करतोयस? रविवारी बाहेरून मागवू. तू नुसता माझ्याजवळ बस. सहा दिवस राहिले आहेत आणि तू ते त्या भांड्याशी घालवतोयस.

मी म्हटलं, शब्दाचा प्रश्न आहे. चारचौघांत शब्द दिला.

म्हणाली, कुणी मागितला होता?

मी म्हटलं, शिवाय तुला तिथे काळजी नको. मी एकटा सगळं करू शकतो हे तू स्वतः बघून गेलीस की निर्धास्त राहशील. ती म्हणाली, तुझ्या जेवणाची मला काळजी नाहीच आहे. तू उपाशी राहणाऱ्यांतला नाहीस. मग थोडा वेळ कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या आणि म्हणाली, मला तिथे करमेल का याची आहे.

मी म्हटलं, करमेल की! नवीन जागा, नवीन माणसं, हाताखाली स्टाफ. धीर दिला. माणसाने अशा वेळी धीर द्यावा. ती बरं म्हणाली आणि दिवा मालवला.

झोप लागली नाही. संध्याकाळची कॉफी कडक होती.

२१ मार्च, शनिवार

खाटकाने तीन किलो बांधून तयारच ठेवली होती. म्हणाला, साहेब, तुमच्याकडे लग्न आहे का?

निश्चय : १. मीठ नाही. २. गडद सॉस चमच्याने. ३. आच मंद. इतकी मंद की भोंग्याला पत्ता लागता कामा नये.

२२ मार्च, रविवार. सकाळी ९

साखर तांबडी झाली. हो, झाली! मधासारखी. बायकोला बोलावून दाखवली. म्हणाली, सुंदर. हा शब्द तिने वापरला. मांस परतलं. तुकड्यांना रंग चढला. घरभर वास. आता फक्त पाणी आणि झाकण. पाहुणे एक वाजता. हातात रग्गड वेळ.

१०

नळाचं गार पाणी घातलं. मांस दचकल्यासारखं आक्रसलं. होत असेल.

१०.३०

झाकण उघडून पाहिलं. शिजतंय.

११.३०

दर थोड्या वेळाने पाहतो आहे. दुर्लक्ष नको. प्रत्येक वेळी वाफ भसकन बाहेर येते आणि उकळी बसते. पण मी आहे तिथे. बायको म्हणाली, सारखं उघडू नकोस, माणसाला सुद्धा कुणी असं सारखं उठवत नाही. मी म्हटलं, मला त्याची प्रगती बघू दे.

१२.३०

सुरी लागत नाही. म्हणजे लागते, आत जात नाही. मोठ्या डॉक्टरीणबाई लवकर आल्या. काय छान वास, म्हणाल्या. लेकीने त्यांना बाल्कनीतल्या कुंड्या दाखवायला नेलं. आमच्या बाल्कनीत दोन कुंड्या आहेत.

१२.५०

सासरे आले. नवी कवळी बसवून आले आहेत. खास आजच्यासाठी, म्हणाले.

आच वाढवली. इलाज नव्हता.

१.२०

रस आटला. तळाशी लागला. बाकीचा तुकड्यांना गुळासारखा चिकटला. वरून दिसायला अप्रतिम. अगदी हॉटेलसारखं. फोटो काढला. पानं घ्या म्हटलं.

संध्याकाळी ६

आता शांतपणे लिहितो.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक तुकडा तोंडात घातला. त्या बोलक्या आहेत, पण त्यानंतर बराच वेळ बोलल्या नाहीत. मान हलवत होत्या. सुरुवातीला मला ती दाद वाटली. नंतर लक्षात आलं की चावताना जबड्याबरोबर मानही हलते आहे. शेवटी त्या फोन आला म्हणून बाल्कनीत गेल्या. फोन टेबलावरच होता.

सासऱ्यांनी मोठा तुकडा निवडला. चावला. मग चेहरा विचित्र झाला. त्यांनी तोंडातून तुकडा काढून ताटात ठेवला आणि त्या तुकड्याला त्यांची वरची कवळी घट्ट चावून बसली होती. कवळी ओढली, निघेना. मी ओढली, निघेना. लेकीने गरम पाण्याचं भांडं आणलं आणि ते सगळं प्रकरण त्यात बुडवलं. टेबलाच्या मधोमध भांड्यात कवळी आणि पोर्क. सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले, जावईबापू, फव आहे फण.

बायको उठली. कुणाला काही न विचारता स्वयंपाकघरात गेली. अंडी फोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळात ऑम्लेटं, पाव, काकडी. सगळ्यांच्या खांद्यांवरून ओझं उतरल्यासारखं झालं. मोठ्या डॉक्टरीणबाई बाल्कनीतून परत आल्या आणि एकदम खूप बोलायला लागल्या. सासऱ्यांनी दोन ऑम्लेटं खाल्ली. ऑम्लेट फार चांगलं झालं होतं. मीही खाल्लं. चिडून खाल्लं, पण खाल्लं.

बायकोने मात्र ऑम्लेट घेतलं नाही. तिने ताटातलं पोर्क संपवलं. एक एक तुकडा, सावकाश चावून, सगळे. मी म्हटलं, राहू दे, जबडा दुखेल. म्हणाली, असू दे, तू केलं आहेस. पाहिलं तर डोळ्यांत पाणी. काय झालं विचारलं. म्हणाली, काही नाही, आलं लागलं.

आलं जास्त झालं. पुढच्या वेळी निम्मं.

२५ मार्च, बुधवार

बायको गेली.

स्टेशनवर वेळेत पोचलो. दोन लहान बॅगा घेतल्या होत्या तिने, मला आज कळलं. लेक तिच्या गळ्यात पडली. मी बॅगा वर चढवल्या, खिडकीपाशी उभा राहिलो. बोलायला थोडा वेळ होता. बरंच काही बोलायचं होतं. मी म्हटलं, चूक सापडली. गरम मांसावर गार पाणी घातलं, तिथे घोटाळा झाला, तंतू आखडले. ती म्हणाली, हो? म्हटलं, हो ना, पाणी उकळतं घालायचं. मग गार पाण्याने नेमकं काय होतं ते समजावलं. ती ऐकत होती. खिडकीच्या गजावर तिचा हात होता, माझा त्याच्या शेजारी. गाडी हलली तेव्हाही मी गार पाण्यावरच होतो. ती म्हणाली, जेवत जा.

परत येताना लेक बसमध्ये म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी शेवटपर्यंत डुकरावरच बोललात. मी म्हटलं, तिला रस होता.

२९ मार्च, रविवार

पोर्क बंद. त्या भांड्यात आता कांदे ठेवले आहेत.

घर ठीक चाललं आहे. ऑम्लेट जमतं. लेकीसाठी भाजी जमते, म्हणजे ती करते. बायकोचा रोज फोन येतो. तिथे खोली चांगली मिळाली आहे, घरमालकीणबाई खालीच राहतात. विभागाला अजून खुर्च्या आलेल्या नाहीत. आवाज जरा बसका वाटला. मी म्हटलं, करमतंय ना? म्हणाली, करमेल.

माझं छान चाललंय असं सांगितलं. ती म्हणाली, वाटलंच होतं. का वाटलं होतं ते विचारायचं राहिलं. काल पलंगावर तिच्या बाजूला चुकून मीच झोपलो.

५ एप्रिल, रविवार. दुपारी १

काय सांगू!

काल खाटकाच्या दुकानावरून जात होतो, त्याने हाक मारून किलोभर हातात ठेवली. म्हणाला, तुमचीच बाजूला काढली होती, दोन आठवडे फिरकला नाहीत, बरं नव्हतं का? नाही म्हणणं बरं दिसेना.

सकाळी कांदे काढले. साखर तांबडी केली, मांस परतलं, पाणी उकळतं घातलं. हाताला सवय झाली आहे, काही पाहावं लागलं नाही. झाकण ठेवलं, आच बारीक केली, जरा पाठ टेकावी म्हणून सोफ्यावर आडवा झालो. या आठवड्यात झोप नीट झालेली नाही. डोळा लागला तो गाढच. भांडं आहे, शेगडी चालू आहे, सगळं विसरलो.

वासाने जाग आली. धडपडत उठलो. बोंबललं सगळं म्हणून झाकण उघडलं. तर तांबडा, दाट, चकचकीत रस, त्यात हलके हलके बुडबुडे, आणि तुकडे थरथरताहेत. काडी टोचून पाहिली, लोण्यात गेल्यासारखी आत गेली. मी तिथे ओट्यापाशी मोठ्याने ओरडलो. लेक धावत आली. दारातूनच बघून म्हणाली, बाबा, हे खरंच तसं दिसतंय. नाकाला हात लावला होता, पण म्हणाली.

अजून तोंडात घातलेलं नाही. आधी बायकोला फोन करतो.

१.३०

फोन केला. मी ‘ऐक’ म्हणायच्या आत ती म्हणाली, ऐक. आज घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं होतं, काय केलं असेल ओळख. मी म्हटलं, नाही बुवा ओळखता येत. म्हणाली, अरे, पोर्क बेली! तीच, तांबडी! तोंडात ठेवली की विरघळते. मी त्यांना तुझी सगळी गोष्ट सांगितली, वजन, मेमो, बाबांची कवळी. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. इथे आल्यापासून पहिल्यांदा एवढी हसले बघ. आता दर रविवारी जेवायला खालीच या म्हणाल्यात.

आवाज मोकळा होता. कितीतरी दिवसांनी.

म्हणाली, त्यांना मी रीत विचारली, तुला सांगायला. त्या म्हणाल्या, त्यात काही करायचं नसतं, झाकण ठेवायचं आणि विसरून जायचं. पण जाऊ दे, आता तू काही पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीस.

मी म्हटलं, छे छे.

तू काय जेवलास, तिने विचारलं. समोर भांडं होतं. म्हटलं, ऑम्लेट.

म्हणाली, ते बरं. आणि नीट चावून खा.

४.००

एक किलो एकट्याने खाल्लं. लेक खात नाही, सासऱ्यांची कवळी दुरुस्तीला गेली आहे. चव? फार चांगली झाली होती. खोटं कशाला लिहू, फारच चांगली. सांगायला हवं होतं का? नको. तिचा रविवार चांगला गेला आहे.

रात्री ८

पोटात दगड. सोडा घेतला. बायकोने घरमालकीणबाईंच्या पोर्कचा फोटो पाठवला आहे. चष्मा लावून, मोठा करून पाहिला. रंग माझ्यापेक्षा फिका आहे.

‘छान दिसतंय’ असं कळवलं.